जाळीची भिंत आणि तिचा दर्शनी आराखडा

भिंत कशासाठी बांधतात, असे कोणी विचारले तर आतले व बाहेरचे वेगळे करण्यासाठी, असे उत्तर आपण चटकन देऊ. परंतु वास्तुकलेत अशीही एक भिंत आहे, की जी वेगळे करते आणि तरीही पुरते तोडत नाही. ती वाऱ्याला वाट देते, उन्हाचा कडकपणा गाळून उजेड तेवढा आत सोडते, आतल्या माणसाला बाहेरचे दाखवते आणि बाहेरच्यापासून आतल्याला झाकते. तिलाच आपण जाळी म्हणतो.

आम्हां ग्वाल्हेरकरांना जाळीचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. सूफी संत महंमद घौस १५६३ साली निवर्तले. हजीरा भागातील त्यांची भव्य कबर अकबराच्या काळातील आहे. संगीतसम्राट तानसेनाची कबर याच आवारात असल्यामुळे तानसेन समारोहाच्या निमित्ताने पुष्कळांचे पाय तिकडे वळतात. ही इमारत चौरस असून तिची बाजू सुमारे १०० फूट आहे. चार कोपऱ्यांवर षट्कोनी मनोरे आहेत आणि मध्ये मोठा घुमट आहे. परंतु पाहणाऱ्याच्या मनात राहतात त्या तिच्या चारही बाजूंच्या दगडी जाळ्या. मधल्या दालनाभोवती फिरणारा सोपा या जाळ्यांनीच बंदिस्त केलेला आहे.

आता समजा, आपल्या वर्गाने संगणकावर या इमारतीची प्रतिकृती रचावयाचे ठरविले आणि तिचा दर्शनी आराखडा कागदावर उतरवावयाचा आहे. स्केचअप, फ्रीकॅड, ब्लेंडर, रेव्हिट अशा आज्ञावल्यांनी हे काम हल्ली विद्यार्थ्यांच्याही आवाक्यात आणले आहे. भिंती उभ्या राहतील, घुमट बसेल, मनोरेही चढतील. जाळीपाशी आले की मात्र प्रश्न पडतो. जाळी भिंतीसारखी भरीव दाखवावी, तर इमारत आंधळी दिसते. काचेसारखी दाखवावी, तर दगडाचा दगडपणा जातो. सर्व छिद्रे जशीच्या तशी दाखवावीत, तर कागद रेषांनी काळा होतो. या प्रश्नाची उकल कशी करावी, हे या लेखात पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

दर्शनी आराखडा म्हणजे काय?

एलेव्हेशन म्हणजेच दर्शनी आराखडा हा छायाचित्रासारखा नसतो. चित्रकलेच्या तासाला आपण यथार्थदर्शन शिकतो. त्यात जवळची वस्तू मोठी व दूरची लहान दिसते. आगगाडीचे रूळ क्षितिजावर एकत्र आलेले दिसतात. दर्शनी आराखड्यात हे चालत नाही. पाहणारा जणू अनंत अंतरावर उभा आहे आणि त्याच्या दृष्टीचे सर्व किरण एकमेकांस समांतर व भिंतीस लंब आहेत, असे येथे मानलेले असते. त्यामुळे पुढची खिडकी व पन्नास फूट मागची तेवढीच खिडकी कागदावर सारख्याच मापाची उमटते. म्हणूनच या आराखड्यावर मोजपट्टी ठेवून माप घेता येते. गवंडी, सुतार आणि दगडफोड्या यांचा आराखड्यावर विश्वास असतो तो यामुळेच.

परंतु जी गोष्ट आराखड्याचे बळ आहे, तीच जाळीच्या बाबतीत अडचण होऊन बसते. प्रत्यक्षात आपण जाळीसमोर उभे राहतो तेव्हा जवळची जाळी स्पष्ट दिसते, मागचे खांब अंधुक व लहान दिसतात, आणि पुढचे कोणते व मागचे कोणते हे डोळे आपोआप ओळखतात. आराखड्याच्या कागदाला अंतर ठाऊक नसते. जाळीच्या छिद्रांतून मागचा खांब दिसला की त्याच्या रेषा जाळीच्या रेषांइतक्याच ठळक आणि पूर्ण मापाच्या उमटतात. दोन्हींची सरमिसळ होते आणि वाचणाऱ्याला जाळी तर कळत नाहीच, खांबही कळत नाही.

तीन मार्ग

संगणकावर जाळी दाखविण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. स्केचअप आज्ञावलीच्या आधाराने ते पाहू. इतर आज्ञावल्यांत नावे व कळी निराळ्या असल्या तरी तत्त्वे बहुतांशी हीच आहेत.

पहिला मार्ग पारदर्शक रंगाचा. भिंतीचे एक सपाट पृष्ठ घ्यावयाचे आणि त्याला निम्मा पारदर्शक असा रंग द्यावयाचा. काम एका क्षणात होते. मागचे खांब फिकटसे दिसू लागतात आणि भिंत भरीव नाही एवढे पाहणाऱ्याला समजते. पण येथे एक असत्य शिरते. काच सगळीकडे सारखीच अर्धीमुर्धी आरपार असते. जाळी तशी नसते. जेथे दगड आहे तेथे ती पूर्ण दगड आहे, आणि जेथे पोकळी आहे तेथे पूर्ण पोकळी आहे. सावलीच्या बाबतीतही हा मार्ग फसवा आहे. स्केचअपमध्ये ज्या पृष्ठाची अपारदर्शकता ७० टक्क्यांहून कमी असते, त्याची सावलीच पडत नाही. म्हणजे जी जाळी जमिनीवर उन्हाची रांगोळी काढते, ती संगणकावर सावलीविना उभी राहते. इमारतीची पहिली, कच्ची कल्पना मांडताना हा मार्ग चालेल, त्यापुढे नाही.

दुसरा मार्ग चित्राचा. जाळीचे समोरून काढलेले चित्र घेऊन त्यातील छिद्रांचा भाग पूर्ण पारदर्शक करावयाचा आणि ते चित्र सपाट पृष्ठावर चिकटवावयाचे. पीएनजी प्रकारच्या चित्रात अशी सोय असते. समोरून पाहता हे चित्र हुबेहूब जाळीसारखे दिसते. दर्शनी आराखडा नेहमी समोरूनच पाहावयाचा असल्यामुळे त्याच्यापुरती ही युक्ती पुष्कळदा पुरेशी ठरते. तथापि तिच्या मर्यादा ओळखून असावे. असे पृष्ठ सावली पाडते ती अखंड पत्र्याची, छिद्रांची नव्हे. त्याला जाडी नसते, म्हणून छेद घेतला तर जाळीच्या जागी नुसती रेघ उरते. आणि केवळ रेषा दाखविणारी हिडन लाइन ही शैली निवडली, तर चिकटविलेले चित्र नाहीसे होऊन कोरी भिंत समोर येते. कित्येकदा आराखडा छापून आल्यावर जाळ्या कोठे गेल्या, असा प्रश्न पडतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

तिसरा मार्ग खऱ्या छिद्रांचा. जाळीची प्रत्येक पट्टी व प्रत्येक पोकळी घनाकृतीतच घडवावयाची. येथे असत्याला जागा नाही. सावली खरी पडते, छेद खरा येतो, रेषांच्या शैलीतही पोकळीतून मागचे दिसते. किंमत मोजावी लागते ती संगणकाच्या श्रमाची. उदाहरणादाखल २ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशी एक जाळी घेऊ. दर १०० चौरस सेंटिमीटरला एक षट्कोनी छिद्र धरले तर एकूण ६०० छिद्रे झाली. प्रत्येक छिद्राच्या आतल्या बाजू ६, म्हणून ३,६०० लहान पृष्ठे. प्रत्येकाच्या कडा पुढे ६, मागे ६ आणि जाडीत ६, मिळून १८, म्हणून १०,८०० रेषा. अशा दहा जाळ्या बसविल्या की रेषांचा आकडा लाखाच्या पलीकडे जातो आणि साधा संगणक रेंगाळू लागतो. यावर उपाय म्हणजे नक्षीचा एकच घटक घडवून त्याच्या प्रती वापरणे. स्केचअपमध्ये अशा घटकास कॉम्पोनंट म्हणतात. मूळ घटक दुरुस्त केला की सर्व प्रती आपोआप दुरुस्त होतात. यामुळे साठवण हलकी होते, पण पडद्यावर रेषा काढण्याचे श्रम मात्र राहतातच.

पोकळी काळी की पांढरी?

मार्ग कोणताही घेतला तरी एक प्रश्न उरतो. छिद्रांतून काय दाखवावे? संगणकाला विचारले तर तो मागचे सर्व काही दाखवील, कारण त्याच्या लेखी दिसते ते सर्व सारखेच. येथे निसर्गाचे निरीक्षण उपयोगी पडते. दारावर चिकाचा पडदा सोडला की दुपारी घरात बसलेल्याला रस्ता दिसतो, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला घर दिसत नाही. बाहेर उजेड पुष्कळ आणि आत थोडा, म्हणून बाहेरच्याला पडद्यामागे नुसता काळोख भासतो. रात्री आत दिवा लागला की उलट घडते. जयपूरचा हवामहल १७९९ साली सवाई प्रतापसिंह यांनी बांधविला तो याच तत्त्वावर. राजस्त्रियांनी जाळीआडून रस्त्यावरील मिरवणुका पाहाव्यात, पण रस्त्यावरील लोकांच्या दृष्टीस पडू नये, अशी ती योजना होती.

यावरून दर्शनी आराखड्याचा नियम सहज निघतो. बाहेरून काढलेला आराखडा दिवसाच्या उजेडातला मानतात, म्हणून त्यात दगड पांढरा व पोकळी गडद दाखवावी. आतून, म्हणजे सोप्यात उभे राहून, त्याच जाळीचा आराखडा काढला तर पट्ट्या गडद व पोकळी पांढरी दाखवावी. एकाच जाळीची ही दोन चित्रे छायाचित्राच्या निगेटिव्ह व पॉझिटिव्हसारखी एकमेकांच्या उलट येतात, आणि दोन्ही खरी असतात.

संगणकावर हे साधण्याची सोपी युक्ती अशी. जाळीच्या मागे हातभर अंतरावर गडद करड्या रंगाचे एक साधे, भरीव पृष्ठ उभे करावे. ते मागच्या सर्व खांबांना झाकते, आणि छिद्रांतून एकसारखा काळोख दिसतो. हे पृष्ठ वेगळ्या टॅगवर ठेवावे, म्हणजे नको तेव्हा लपविता येते. मात्र हिडन लाइन शैलीत रंग दिसत नाहीत, म्हणून शेडेड ही शैली घ्यावी. मागचा एखादा खांब किंवा दालनाचे दार दाखविणे आवश्यकच असेल, तर तेवढेच पृष्ठापुढे राहू द्यावे आणि त्याची रेषा जाळीच्या रेषेहून बारीक ठेवावी. आराखड्याच्या लेखण्या ०.५०, ०.३५, ०.२५, ०.१८ आणि ०.१३ मिलिमीटर अशा क्रमाने येतात. इमारतीच्या बाह्यरेषेला ०.५०, जाळीच्या चौकटीला ०.२५, नक्षीला ०.१८ आणि मागच्या वस्तूला ०.१३ अशी वाटणी केली, की कागदाला ठाऊक नसलेले अंतर रेषेच्या जाडीने सांगता येते.

मापाचा विवेक

महंमद घौस यांच्या कबरीची १०० फुटांची बाजू म्हणजे सुमारे ३०.५ मीटर. १:१०० या मापाने ती कागदावर ३०.५ सेंटिमीटर होते, म्हणजे ए-४ कागदाच्या लांब बाजूहूनही, जी २९.७ सेंटिमीटर असते, थोडी जास्त. तेव्हा ए-३ कागद घ्यावयास हवा. आता समजा, जाळीची पट्टी ३ सेंटिमीटर रुंद आहे. १:१०० मापाने तिच्या दोन कडा एकमेकींपासून ०.३ मिलिमीटरवर येतील. ०.१८ मिलिमीटरची लेखणी वापरली तर मध्ये ०.१२ मिलिमीटर पांढरे उरेल, आणि छपाईत तेही भरून जाईल. जाळीच्या जागी काळा डाग दिसेल. तीच पट्टी १:२० मापाने दीड मिलिमीटर होते आणि स्वच्छ दिसते.

म्हणून लहान मापाच्या आराखड्यात नक्षी काढण्याचा हट्ट धरू नये. तेथे चौकट काढून आत करडी छटा भरावी. ही छटा किती गडद असावी, हेही अदमासाने ठरवावयाचे नाही. त्याला गणित आहे. १० सेंटिमीटर अंतरावर ७ सेंटिमीटर बाजूची चौरस छिद्रे असतील, तर १०० चौरस सेंटिमीटरांत ४९ चौरस सेंटिमीटर पोकळी आहे. म्हणजे जाळी ४९ टक्के उघडी आहे, आणि तिची छटा निम्म्यास काळी असावी. डोळे किलकिले करून दुरून जाळीकडे पाहिले तर नक्षी मिटून अशीच एक छटा उरते. संपूर्ण इमारतीच्या आराखड्यात छटा भरावी, आणि बाजूला एकाच जाळीचा १:२० मापाचा तपशील द्यावा. दोन्ही मिळून वाचणाऱ्याला सर्व कळते.

आराखडा काय सांगत नाही

दर्शनी आराखड्यात जाडी दिसत नाही, आणि जाळीचा निम्मा गुण जाडीत आहे. छिद्र ५ सेंटिमीटर रुंद आणि दगडही ५ सेंटिमीटर जाड असला, तर समोरून आरपार दिसते. परंतु जसजसे तिरपे व्हावे तसतशी छिद्रे मिटू लागतात, आणि ४५ अंशांवर ती पूर्ण बंद होतात. उंचावरचे ऊन जाळी अडवते आणि समोरचा वारा मात्र येऊ देते, त्याचे रहस्य हेच. दर्शनी आराखडा नेहमी लंबदिशेने पाहतो, म्हणून जाळी जास्तीत जास्त जितकी उघडी असू शकते तितकीच तो दाखवितो. यास्तव जाळीच्या आराखड्याशेजारी तिचा उभा छेद काढणे हा उपचार मानू नये. छेदावाचून आराखडा अर्धेच सांगतो.

प्रारंभ विटांच्या जाळीने करावा

दगडी षट्कोनी नक्षीला हात घालण्यापूर्वी विटांची जाळी रचून पाहावी. केरळात लॉरी बेकर या वास्तुशिल्पज्ञाने अशा जाळ्यांचा सढळ वापर करून कमी खर्चाची हवेशीर घरे बांधली. वीट १९ सेंटिमीटर लांब, ९ रुंद व ९ उंच घ्यावी. एका थरात दोन विटांमध्ये ६ सेंटिमीटर फट सोडावी आणि वरच्या थरातील वीट बरोबर त्या फटीवर मध्यभागी यावी. वीट व फट मिळून २५ सेंटिमीटर, आणि चुन्याचा किंवा सिमेंटचा सांधा धरून थराची उंची १० सेंटिमीटर. ३ मीटर लांब व अडीच मीटर उंच भिंतीत एका थरात १२ विटा आणि एकूण २५ थर, म्हणजे सुमारे ३०० विटा व तितक्याच फटी होतील.

एक वीट घडवून तिचा कॉम्पोनंट करावा. तिच्या प्रती काढून एक थर पुरा करावा. दुसरा थर साडेबारा सेंटिमीटर सरकवावा. मग दोन्ही थर मिळून वरवर चढवीत जावे. भिंत पुरी झाल्यावर कॅमेरा या यादीतून पॅरलल प्रोजेक्शन निवडावे व समोरचे दृश्य घ्यावे. पॅरलल प्रोजेक्शन निवडावयाचे राहिले तर जे दिसते ते यथार्थदर्शन असते, दर्शनी आराखडा नव्हे, आणि त्यावरून घेतलेले प्रत्येक माप चुकते. २५० चौरस सेंटिमीटरांत ५४ चौरस सेंटिमीटर पोकळी, म्हणजे ही भिंत सुमारे २२ टक्के उघडी आहे. डोळ्यांना ती याहून अधिक उघडी भासते. गणिताने डोळ्यांची अशी तपासणी करण्यातही आनंद आहे.

प्रतीचा मोह

शेवटी एक सावधगिरीची सूचना. संगणकाला पुनरावृत्ती फार आवडते. एक जाळी घडविली की ती सर्व कमानींत बसविण्याचा मोह होतो. नव्या इमारतीत हे योग्य असेल. जुन्या वास्तूचा आराखडा काढताना ते घातक आहे. अहमदाबादेतील सिदी सय्यद मशीद १५७२-७३ सालची. तिच्या काही कमानींत लहान चौकोनांच्या भौमितिक जाळ्या आहेत, तर जगप्रसिद्ध जाळीत एका वृक्षाच्या फांद्या, वेली व पाने दगडातून वळत गेलेली आहेत. तेथे एक घटक घडवून त्याच्या प्रती काढू म्हणणाऱ्याच्या हाती भलतीच मशीद लागेल. म्हणून जुन्या वास्तूच्या बाबतीत आधी प्रत्येक कमानीसमोर उभे राहून नक्षीची टिपणे घ्यावीत, छिद्रे मोजावीत, तुटलेला भाग तुटलेलाच नोंदवावा, आणि मगच संगणकाला हात लावावा. मात्र संरक्षित वास्तूला हात न लावता, लांबूनच मोजणी व छायाचित्रे घ्यावीत.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. दगड टिकाऊ आहे, पण जाळीचा दगड पट्टीपुरताच उरलेला असतो. तो पावसाने झिजतो, धक्क्याने तुटतो. एखादी जाळी उद्या ढासळली, तर कारागिराला ती पुन्हा घडविण्यास आधार कशाचा? जिच्यात पट्टीची रुंदी, छिद्राचे माप, दगडाची जाडी व नक्षीचा क्रम खरा उतरला आहे, अशा आराखड्याचा. तेथे कोणी काचेसारखी फिकट छटा मारून ठेवली असेल, तर त्या कमानीत पुढे काय बसेल हे कोण सांगणार? जाळी आरपार दाखविणे म्हणजे तिला पातळ करणे नव्हे. दगडाला दगड आणि पोकळीला पोकळी म्हणणे, आणि जेथे माप अपुरे पडते तेथे छटेने व तपशिलाने ते प्रामाणिकपणे भरून काढणे, हेच आराखडा काढणाऱ्याचे कर्तव्य होय.

अभ्यासासाठी

१. ८ सेंटिमीटर बाजूची चौरस छिद्रे १० सेंटिमीटर अंतरावर आहेत. जाळी किती टक्के उघडी आहे?

२. वर दिलेल्या विटांच्या भिंतीत फट ६ सेंटिमीटर रुंद व ९ सेंटिमीटर खोल आहे. किती अंश बाजूला सरकल्यावर ती बंद दिसेल? कागदावर फटीचे चित्र काढून कोनमापकाने मोजा. (उत्तर सुमारे ३४ अंश यावे.)

३. आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या जाळीचे बाहेरून व आतून असे दोन दर्शनी आराखडे १:२० मापाने काढा, शेजारी छेद द्या, आणि कोणत्या आराखड्यात पोकळी गडद दाखविली व का, ते दोन ओळींत लिहा.